बुरखेवाल्याचं शेवटचं पान

कर्नाटकच्या हद्दीतल्या ठाणाकुशनूरच्या स्टँडासमोर अमृतप्पाचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. खुर्ची एक, आरसा एक, आणि बाकड्यावर चित्रकथांच्या पुस्तकांचा गठ्ठा. गठ्ठा उदगीरच्या रद्दीतून किलोवर आलेला. अमृतप्पाला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे वस्तारा पुसायला कागद संपला की तो त्यातलंच एखादं पान फाडायचा. फाडायला शेवटचं पान सोपं. म्हणून त्या दुकानात कुठल्याच गोष्टीला शेवट नव्हता.

पिराजीला याचा फार राग यायचा. पंचावन्नाव्या वर्षी तो प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षर शिकला होता. त्याआधी शेताच्या बांधाचा एक कागद त्याला एका शहाण्या माणसानं आपल्या सोयीनं वाचून दाखवला होता आणि त्यानं अंगठा दिला होता. बांध सरकला तो सरकलाच. तेव्हापासून त्याचा नेम एकच, लिहिलंय तसं वाचायचं. वर्गातलं पुस्तक संपल्यावर तो अमृतप्पाच्या गठ्ठ्याकडे वळला. तो मोठ्यानं वाचायचा आणि शेजारी बसलेला महादेवप्पा ऐकायचा. महादेवप्पाचं किराणा दुकान होतं. कानडी तो झरझर वाचायचा, मराठी बोलायचाही झकास, पण मराठी वाचायची वेळ आली की त्याचा चष्मा घरी राहिलेला असायचा.

महादेवप्पाचा जीव आकाशात उडणाऱ्या वीरावर. पिराजीचा बुरखेवाल्यावर.

"उडतंय म्हंजे बसची वाट बघायचं काम न्हाई," महादेवप्पा म्हणायचा. "खरा गडी त्योच."

"उडतंय म्हनूनच साऱ्या गावाला दिसतंय. उद्या निवडणुकीला उभं ऱ्हातंय बघा, अण्णा. माझा बुरखेवाला काम करतो आन् निघून जातो. हार घालून घ्यायला थांबत न्हाई."

"तोंड झाकून फिरतंय ते चोरच असतंय. आन् त्याची कापडं कोन धुतंय रे? कवा वाळत घातलेली दिसली न्हाईत."

अमृतप्पाचं मत निराळं. चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर त्यानं एकदा परदेशी गिटारवाले बघितले होते. "त्या केसवाल्यांपुढं तुमचे दोघंबी फिके," तो म्हणायचा. "वरडायलेत कामून ते कळत न्हाई, पर एकेकाच्या डोक्यावर माझं दिवसभराचं काम हाय."

त्या मंगळवारी गोष्ट अगदी रंगात आली होती. बुरखेवाला खांबाला बांधलेला, दुष्टाचा हात त्याच्या बुरख्यापर्यंत गेलेला, आणि पुढचं पान गायब.

"निघतोय आता बुरखा," महादेवप्पा म्हणाला.

"न्हाई निघणार. जीव गेला तरी न्हाई."

"लाव मंग मिशी."

"लावली."

अमृतप्पाचा हात थांबला. पिराजीच्या बापाला गावात मिशीला पीळ द्यायची सोय नव्हती, आणि न्हाव्याचा वस्ताराही त्याच्या हनुवटीला कधी लागला नव्हता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर पिराजीनं मिशी वाढवली. या खुर्चीत पहिल्यांदा बसला तेव्हा त्यानं दाढीच्या आधी मिशी कोरून घेतली होती. हे तिघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

"पान हितंच असंल," अमृतप्पा जरा ओशाळून म्हणाला. "सकाळी महादेवप्पांचीच दाढी पुसलीया त्यावर."

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून पान निघालं. चित्रावर वाळलेला फेस आणि महादेवप्पाची पांढरी खुटं. नखानं खरवडलं तर चित्राचा रंगच उठून आला. खालच्या दोन ओळी तेवढ्या शाबूत होत्या. पिराजीनं बोट लावून त्या मनात वाचल्या.

दुकानात त्या ओळी वाचणारा तो एकटाच होता. एक शब्द इकडचा तिकडं केला असता तर मिशी महादेवप्पाची गेली असती. पिराजीचा हात मिशीकडे गेला, आणि तिथून त्याची नजर आपल्याच अंगठ्यावर पडली.

त्यानं घसा खाकरला. "अखेर बुरखा उतरला. साऱ्या शहराने आपल्या रक्षकाचा चेहरा पाहिला."

महादेवप्पा जिंकला होता, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही. "परत वाच."

पिराजीनं परत वाचलं.

"आपल्याच मिशीवर उठून कोन असं वाचतंय? चुकलास तू. उतारवयात शिकलेलं अक्षर, व्हायचंच. 'उतरला न्हाई' असंल बघ. जाऊ दे, ऱ्हाऊ दे मिशी."

पिराजीला मिशीचं लागलं नव्हतं एवढं हे लागलं. "अण्णा, मी हरलोय."

"न्हाई हरलास."

"हरलोय म्हनतो न्हवं."

समोर उदगीरची गाडी लागली होती आणि कंडक्टर चहा पीत होता. पिराजीनं त्याला दंडाला धरून आणलं. कंडक्टरनं पान लांब धरून वाचलं. "बुरखा उतरला म्हनून लिवलंय. पैज हरलं कोन?"

"मी."

"मंग मामा, तुमीच कामून भांडायलाव?"

पिराजी खुर्चीत ताठ बसला. अमृतप्पानं फेस लावला, दोनदा वस्तारा उचलून खाली ठेवला, तिसऱ्यांदा मिशी उतरवली. पुसायला तेच पान हाताशी होतं. पिराजीनं ते काढून घेतलं. "दुसरं फाड. हे माझं हाय."

घरी चांगुणाबाई दारात ज्वारी पाखडत होती. नवऱ्याचं भुंडं तोंड बघून तिच्या हातातलं सूप थांबलं. "कोन गेलं?"

"कोन न्हाई."

"आन् गेलं असलं तरी, आपल्यात ते मिशी काढायचं बंद होऊन तीस वर्सं झाली. मंग ह्ये काय?"

"पैज हरलो."

"हरलाव तर हसायलाव कामून?"

पिराजी उंबऱ्यावर बसला, खिशातलं घडी केलेलं पान काढलं आणि मांडीवर पसरलं. चांगुणाबाई वाकून बघू लागली.

"शी, केस कुनाचे ह्ये?"

"महादेवप्पाची दाढी हाय ती. तिकडं बघू नगंस, खाली काय लिवलंय ते ऐक," तो म्हणाला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.