पाइपलाइन : नाही

रामकिसन घनसावंगीहून जीपनं परतला आणि मोसंबीच्या बांधावर गपचूप बसला. उषाबाई झाडाला आळं करत होती. नवऱ्याचं असं बसणं तिला सव्वीस वर्षांपासून ठाऊक. तिनं खुरपं टाकलं, हात लुगड्याला पुसला.

"काय लिव्हलंय ते दाखवा."

त्यानं घडी घातलेला कागद दिला. हायवेत जाणाऱ्या जमिनीच्या मोजणीच्या यादीची नक्कल होती. गट नंबर बराबर, नाव बराबर, विहीर एक, लिंब दोन, बाभळी तीन. मेलेली बाभूळसुद्धा सोडली नव्हती. आणि अगदी खाली, पाइपलाइन : नाही.

"न्हाई म्हंजे? तुमी होते ना मोजणीला?"

"होतो की. साहेबानं इचारलं, पाइपलाइन हाये का? म्या म्हणलं, हाये, पण खाली गाडलेली हाये. तं म्हणले, दिसत न्हाई."

"दिसंल कशी? तीन फूट खाली हाये!"

"तेच तं म्हणलं म्या."

"आन् मंग चहा पाजला असंल त्यांना."

रामकिसननं कागद परत घेऊन त्याची घडी घातली. चहा पाजला होता.

हायवे त्यांच्या सहा एकरांच्या मधोमध चालला होता. विहीर अल्याड, मोसंबीची दोनशे चाळीस झाडं पल्याड. रस्त्याचा भराव पडायच्या आधी खालून सिमेंटचा नळा टाकून त्यातून पाइप ओढून घेतला तर पाणी पलीकडं जाणार. एकदा भराव दाबला की सरकार काही रस्ता फोडून देणार नाही. फळं सुपारीएवढी झाली होती. पाणी तुटलं तर वैशाखात बागेची जळणाची मोळी होणार होती.

नांगराचा फाळ लागू नये म्हणून रामकिसननं तो पाइप स्वतः खोल गाडला होता. चांगलं काम केलं, हाच गुन्हा झाला. शेजारच्या सर्जेरावची जमीन कोरडवाहू. त्यानं मोजणीच्या आदल्या दिवशी भावाकडचे चार फुटके पाइप आणून धुऱ्यावर मांडले. त्याच्या कागदावर ठसठशीत लिहिलं होतं, पाइपलाइन : आहे.

आणि यादीत जे आहे त्याचे लाड तर बघत राहावेत. लाइटीचे खांब हलवले, ते ठीक. पण टेलिफोनची केबलसुद्धा हलवली! गावातले डबडे फोन बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. त्या मेलेल्या वायरीसाठी पिवळ्या जाकिटातली पाच माणसं दोन दिवस खपली. नाली खोदली, खाली वाळू अंथरली, वर विटा लावल्या. देवाची मूर्तीसुद्धा कुणी एवढ्या हळू ठेवत नाही. ते बघून उषाबाईला शिसारी आली. ती बांधावरच थुंकली.

तीन अर्जांनंतर भूसंपादनाचे गिरिधर साहेब पाहणीला आले. उषाबाईनं मोटर चालू केली आणि त्यांना पल्याड बागेत नेलं. पाइपाच्या तोंडातून भळाभळा पाणी पडत होतं.

"हे पाणी हितं कुठून आलं, साहेब?"

"मावशी, पाणी दिसतंय. पाइपलाइन दिसत नाही."

"मंग खणून दाखवते ना."

"खणू नका. ती जमीन आता शासनाची आहे, गुन्हा होईल."

"तं तुमी खणा."

"आम्हाला खणायला यादीत नोंद लागते."

"आन् नोंद व्हायला?"

"पाइपलाइन दिसावी लागते," साहेब शांतपणे म्हणाले. मग त्याच पाइपाखाली त्यांनी आपले चिखलाचे बूट चांगले चोळून धुतले, रुमालानं पुसले आणि गाडीत बसले. रामकिसन त्यांना गाडीपर्यंत सोडून आला.

आठ दिवसांनी जेसीबीनं गटारीसाठी नाली खोदली आणि पाइप फोडला. वर मुरूम पसरून रोलर फिरायला लागला. रामकिसन चौथा अर्ज लिहायला बसला. उषाबाई सकाळी लाइट आल्या आल्या विहिरीवर गेली, मोटर चालू केली आणि स्टार्टरपाशी मांडी घालून बसली.

फुटक्या पाइपातून पाणी उसळून तासाभरात मुरमाचा राबडा झाला. रोलर मागंही जाईना, पुढंही जाईना. ठेकेदाराचा सुपरवायझर राधेश्याम धावत आला.

"अम्मा, मोटर बंद करो! रोलर फस गया मेरा!"

"मह्या मोटरीचा काय संबंध? हितं पाइपलाइनच न्हाई. कागद हाये मह्याकडं, साहेबाची सही हाये."

राधेश्यामनं साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, आमच्या रेकॉर्डला तिथं पाइपलाइन नाही. राधेश्यामनं फोन खिशात घातला आणि रेकॉर्डला एक कचकचीत शिवी घातली.

"क्या होना तुमको?"

"एक सिमेंटचा नळा. आरपार. आन् फोडलेला पाइप जोडून दे."

"बस, इतना ही?"

नळे रस्त्याकडंला ढिगानं पडलेले होते. दुपारच्या आत नळा बसला, पाइप ओढून जोडला, कोरडा मुरूम पडला, रोलर फिरला. तीन अर्जांच्या कागदांनी जे झालं नाही, ते चिखलानं एका दिवसात केलं. राधेश्यामला उषाबाईनं शेवटी भाकरी-ठेचा दिला, कारण त्या सगळ्या लटांबरात घामेजलेला माणूस तो एकटाच होता.

चार दिवसांनी गिरिधर साहेब रामकिसनच्या चौथ्या अर्जाची चौकशी करायला आले. भराव कोरडा, घट्ट. त्यांनी बुटाच्या टाचेनं दाबून बघितला.

"पाइपलाइन कुठं आहे?"

"खाली हाये, साहेब," रामकिसन म्हणाला. "आता तं नळ्यातून हाये."

साहेबांनी लिहिलं, 'समक्ष पाहणी केली असता पाइपलाइन आढळून येत नाही.' लिहून कागद सहीसाठी पुढं केला. रामकिसननं उषाबाईकडं बघितलं.

"करा सही," उषाबाई म्हणाली. "खोटं कुठं हाये? न्हाईच दिसत."

रामकिसननं सही केली. बाग बघायच्या निमित्तानं साहेब आळ्यांतून फिरले, बूट चिखलानं बरबटले. ते सवयीनं पाइपाच्या तोंडाशी गेले आणि एक पाय पाण्याखाली धरला.

उषाबाईनं वाकून पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवला. पाणी पलीकडच्या ओळीला गेलं. साहेबांचा पाय हवेतच राहिला.

"अहो मावशी, पाणी गेलं?"

"आता पाइपलाइनच न्हाई, साहेब," उषाबाई म्हणाली, "तं पाणी कुठून यील?"

आणि खुरपं उचलून ती पुढच्या आळ्याला लागली.