बाहीवरची तारीख

आई म्हणायची, ताईचं डोकं धडाला शिवलेलं आहे म्हणून बरं. नाहीतर तेही बसमध्ये विसरून आली असती. यावर सगळ्यांत मोठ्याने ताईच हसायची. पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्या विसराळूपणाला एडीएचडी असं नाव दिलं, तेव्हा मात्र ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. "म्हणजे मी आळशी नव्हते गं, छोटे."

औषध सुरू झालं आणि ती शिवणाच्या कारखान्यात टिकली. त्याआधी तीन ठिकाणांहून काढलं होतं. एकदा तर बाईसाहेबांनी चाळीस शर्टांना दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या.

त्याच दवाखान्यात मी खिडकीवर बसते, तारखा देते. नियम असा, की दोन तारखा चुकल्या की फाइल बंद. मग नव्याने रांगेत, चौदा महिने. तोवर औषधाची चिठ्ठी नाही. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून जे येतात, त्यांनाच हा नियम! बैठकीत मी हे एकदा बोललेही. साहेब म्हणाले, "मुद्दा चांगला आहे," आणि चहा मागवला.

ताईची एक तारीख चुकली होती. तेव्हापासून दर वेळी आदल्या दिवशी मी फोन करायची.

गेल्या महिन्यात डॉक्टरांची रजा निघाली, म्हणून गुरुवारच्या तारखा मंगळवारी आणल्या. पत्रं मीच पाकिटात घातली. ताई पाकिटं उघडत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हटलं, घरी गेल्यावर फोन करू. घरी गेले तर बाळ तापाने फणफणलेलं. पुढे आठवडाभर ते माझ्या खांद्यावरून उतरलं नाही. फोन राहिला.

मी कामावर परतले त्या गुरुवारी ताई आली. दहाची वेळ, ही साडेनऊला हजर. खिडकीतून हात आत घातला.

"बघ!"

बाहीच्या कडेवर लाल दोऱ्याने तारीख भरली होती.

"कागद हरवतो, शाई धुतली जाते. हे कुठे जाणार? या वेळी तुझ्या फोनची वाटसुद्धा नाही पाहिली. आहे की नाही तुझी ताई हुशार?"

मी पडद्यावर पाहिलं. मंगळवार, गैरहजर. फाइल बंद.

साहेबांकडे धावले.

"पत्र गेलं होतं ना?"

"हो. मीच पाठवलं."

"मग? तुमच्या बहिणीला सूट दिली, तर उद्या सगळे मागतील."

"द्या ना मग सगळ्यांना!"

त्यांनी नव्या रांगेचा अर्ज पुढे सरकवला.

ताईला सगळं सांगितलं. फोन राहिल्याचंही. वाटलं, आता तरी ती मला दोन शब्द सुनावेल.

"बाळाचा ताप उतरला?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून पाहिली. सहा उरल्या होत्या. पट्टी ठेवली, छोटी कात्री काढली आणि बाहीवरचा लाल दोरा उसवू लागली.

"अगं, काय करतेस?"

"नवी भरायला जागा नको? सांग, कोणती तारीख?"

मी अर्ज पाहिला. तारखेच्या चौकटीत आधीच छापलेलं होतं : पत्राने कळवण्यात येईल.