तिला कुठे ठेवलं

"आई, खोटं नाही सांगत. दुकानाच्या पार्किंगच्या मधात स्मशान हाय. चारी बाजूनं गाड्या उभ्या अन् मधात आठ-दहा कबरी. लोक तिथंच गाडी लावतात अन् दूध-ब्रेड घेऊन घरी जातात."

मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर आमचा आल्हाद, शेजारी त्याचा दोस्त धम्मदीप आणि मागे ओट्याशी सूनबाई प्रेरणा. त्यांच्याकडे शनिवारची संध्याकाळ, आमच्याकडे रविवारची सकाळ. आल्हाद अमेरिकेतल्या एका लहानशा गावात ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. धम्मदीप आपल्या जळगाव जामोदचा, त्याच कारखान्यात. इथे असते तर दोघांनी एकमेकांना ओळखही दिली नसती, तिथे मात्र सख्खे भाऊ झालेत.

संग्रामपुरात आमचे हे, म्हणजे मार्तंडराव, पेपरची एजन्सी चालवतात. पहाटे गठ्ठे येतात, हे सोडतात आणि मी मांडी घालून पेपरात पुरवण्या घालते. रविवारी पुरवण्या जास्त, म्हणून फोनवर बोलतानाही माझे हात चालूच असतात. लोकांना वाटतं पेपर आपोआप जाडजूड होतो. कशाचा आपोआप! माझ्या बोटांची कातडी गेली त्यात.

"बाबा, अन् इथला पेपर पाहा," आल्हाद म्हणाला. "आठवड्यातून एकदा निघते. बातम्या काय, त कोनाची गाय रस्त्यावर आली, कोनाकडं पोरीचे सासू-सासरे जेवायले आले."

"मंग हे काम आपली अन्नपूर्णा फुकटात करते!" हे म्हणाले. अन्नपूर्णा म्हणजे आमची शेजारीण. सगळे हसले. मीही हसले.

"पन कोनी मेलं ना बाबा, त अर्धं पान देतात. मानूस कुठं जन्मला, मासे धरायचा शौक होता का, कोन्या कुत्र्यावर जीव होता, सारं लिहितात. एका बाईचं लिहिलं होतं का तिची वांग्याची भाजी कोनालेच आवडत नव्हती."

"अन् आपल्याकडं?" हे म्हणाले. "बोटाएवढा फोटो अन् खाली शोकाकुल म्हनून पन्नास नावं. मेला कोन तेच दिसत नाही."

मग कुत्र्यांच्या स्मशानाची गोष्ट निघाली. कुत्र्याच्या कबरीवर चेंडू ठेवतात म्हणे. मी म्हटलं, "बाप्पा, या लोकायले काही कामधंदा हाय का नाही?" तेव्हा धम्मदीप पहिल्यांदा बोलला.

"काकू, आमच्या घरापासून जवळ एक हाय. त्यात एक कोपरा नुसत्या लेकरायचा. पाटीएवढाले दगड. खेळणे ठेवलेले, भिंगऱ्या लावलेल्या. वारा आला का साऱ्या फिरतात."

"किती मोठे लेकरं?" मी विचारलं.

"एका दिवसाचंही. पेपरातही येते त्याचं. मायबापाचं नाव, आजी-आजाचं नाव."

"अन् बारसं झालं नसलं त?"

"त मंग आडनावासंगं नुसतं 'बेबी' लिहितात. काकू, तथी एक म्हातारी येते वॉकर घेऊन. मी एक डाव इचारलं, कोनाले भेटायले येता? म्हने, माही पोरगी हाय, आज साठीची असती."

"सोड ना बे," आल्हाद म्हणाला, "सकाळी-सकाळी आईले काय सांगून राह्यला!" त्याचं चुकलं नाही. त्याला काही माहीतच नाही. त्याच्या आधी त्याला एक बहीण होती, हे आपल्याकडे सांगतात का कोणी?

फोन ठेवल्यावर माझे हात थांबले. अर्धा गठ्ठा तसाच पडला होता.

"काऊन वं? पोट्टे येतीन आता पेपर घ्यायले," हे म्हणाले.

"आपली कुठं ठेवली?" मी म्हटलं.

यांना कळलं. कळलं नाही असं दाखवायला यांनी सुतळी गुंडाळायला घेतली. "आता काऊन उकरून काढतं ते? माहीत हाय न तुले. नदीकाठी, बाभळीजवळ."

"मले तुमच्या मायनं सांगतलं होतं ते. तुमी दाखवा. मले तिथं एक डाव बसायचं हाय."

"निशानी ठेवत नाहीत वासंती तशा लेकराची. जागा पाहू नये, म्हंजे ते लेकरू परत आपल्याच पोटी येते."

"आलं का परत? आल्हाद आला. आल्हाद आल्हाद हाय. ती ती होती."

मी इतकी वर्षं हे वाक्य मनात धरून ठेवलं होतं हे मलाच माहीत नव्हतं. लग्नानंतरची ती दुसरी श्रावणझड. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, यांच्या गावातच झालं; संग्रामपुरात आम्ही बऱ्याच उशिरा आलो. ताप इतका चढला की दोन दिवस मला माझं भान नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "कमजोर होती, चिमनीएवढी. देवानं सोडवलं." मी मानलं. न मानून काय करणार होते? चिमणीएवढं लेकरू कसं जगणार, असं स्वतःलाच समजावत राहिले. छातीला दूध आलं ते पिळून काढत होते नि स्वतःला समजावत होते.

"चला," मी म्हटलं. "पेपर गेले का आपुन जाऊ गावाले."

यांनी सुतळी खाली ठेवली. मग सुतळीकडे बघतच म्हणाले, "मी गेलो नव्हतो."

"कुठं?"

"तिले ठेवायले. मायनं जाऊ देलं नाही. पहिलं लेकरू बापानं मातीत ठेवायचं नसते म्हने. उकंडदादा अन् कारभारी गेले होते. मी वसरीत बसून होतो."

माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे माय बेशुद्ध आणि बाप बाहेर ओसरीत! "इतके वर्स मले नदीकाठ सांगतला तुमी, अन् तुमीच पाह्यला नाही?"

"मलेही मायनंच सांगतलं," हे म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला की पुढे भांडायला मला काही उरलं नाही.

कारभारी, घरचा जुना गडी, कधीचा वारला. उकंडराव आहेत अजून, यांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे जेठ. दुपारच्या एसटीने निघालो. गावच्या अलीकडे पूल लागतो आणि पुलाच्या डाव्या हाताला ती बाभूळ. माहेरी जाताना, दवाखान्यात जाताना, आल्हादला मुंबईच्या विमानाला सोडायला जातानाही, त्या बाभळीजवळ मी पदराआड हात जोडत आले. आज उघड जोडले.

"इथं हात जोडतं तू, मले वाटे पुढच्या मारोतीले जोडतं," हे म्हणाले.

उकंडदादा ओट्यावर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यापासून माणूस चेहऱ्यासमोर आणल्याशिवाय ओळखत नाहीत. मी डोक्यावर पदर घेतला, पाया पडले. यांच्याने विषय काढवेना. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, तरी हे आपले कपाशीचं विचारतायत. शेवटी मीच बोलले, जेठापुढे पहिल्यांदा.

"दादा, आमची पहिली पोरगी तुमी नेली होती. ती जागा पाहायची हाय मले."

दादांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "कोनती वो? त्या सालात लय लेकरं गेले. गोदीचं गेलं, तान्हीचं गेलं. जे ते मलेच बलावे. उकंडाचं मन घट्ट हाय म्हनत." ते खोकले. "घट्ट कशाचं. दुसरं कोनी जाये नाही म्हनून मी जाये."

"श्रावनातली. नदीकाठी ठेवली न तुमी? बाभळीजवळ?"

"नदीकाठी?" म्हातारा चक्रावला. "कोनं सांगतलं? नदीले पूर होता तवा. पानी पार शिवेवर आलं होतं. कारभारी म्हने, इथं ठेवलं त लेकरू वाहून जाईन. मंग मांगं फिरलो अन् ई-क्लासात ठेवलं."

ई-क्लास म्हणजे गावाचं सरकारी गायरान, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मला काय झालं ते कसं सांगू? ओट्याचा काठ धरला मी. इतकी वर्षं मी एका झाडाला हात जोडत होते. नुसत्या झाडाला. माझं लेकरू पाठीमागे दुसरीकडेच पडलं होतं आणि मी दर वेळी त्याच्याकडे पाठ करून नमस्कार करत होते. असं हसू कोणी कोणाचं करू नये.

"माय गं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जेठासमोर, भर ओट्यावर. मी तो झटकला.

"दाखवा मले," मी म्हटलं.

दादा काठी घेऊन उठले. हे त्यांचा हात धरून चालले, मी मागे. ऊन उतरलं होतं. ई-क्लासात पोचलो आणि मी तिथेच उभी राहिले. गायरान कुठे होतं? सरकारी घरकुलांच्या रांगा उभ्या होत्या. निळ्या रंगाची दारं, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, मधून सिमेंटचा रस्ता. लोकांनी दारात तुळशी लावल्या होत्या, गाड्या उभ्या केल्या होत्या, एका दारात पापड वाळत होते.

दादा थोडं पुढे गेले, परत आले. डोळ्यांवर हात धरून बघू लागले. "इथं हिवराचं झाड होतं. त्याच्या पूर्वेकडं… का उत्तरेकडं… मीठ टाकलं होतं. वरून दगडं अन् काटे रचले होते, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून. झाड असतं त सांगतलं असतं."

"अंदाजे सांगा दादा," हे म्हणाले.

"अंदाजे काय सांगू बापा? या घराखाली असंन, नाहीत त्या." काठीने त्यांनी सगळी रांगच दाखवली.

पापडाजवळची बाई उठून आली. पुष्पाबाई नाव तिचं. उकंडदादांना ओळखत होती. "कोनाचं घर पाह्यता बाबा?"

दादांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे. मी काय सांगणार होते तिला? बाई, तुझ्या घराखाली माझी पोरगी असेल, किंवा नसेल. तिने नवीन फरशी घातली होती, दारावर तोरण होतं, आत कोणाचं तरी लेकरू रडत होतं. या बाईला रात्री झोप लागायला हवी. मी म्हटलं, "काही नाही बाई. नातेवाईक होते पहिले इथं. आता राह्यत नाहीत."

"मंग ग्रामपंचायतीत इचारा. त्यायच्याजवळ यादी हाय साऱ्यायची," ती म्हणाली आणि लेकरू रडतंय म्हणून आत गेली.

अमेरिकेतल्या त्या म्हातारीचा मला हेवा वाटला. तोंडावर सांगते, हेवाच वाटला. वॉकर ओढत का होईना, तिला कुठे जायचं ते ठाऊक आहे. मला कुठे बसायचं ते माहीत नाही. रस्त्याच्या मधात बसू?

"चाल वासंती," हे म्हणाले. "एसटी जाईन."

मी दादांकडे वळले. जागा तर गेली, आता आणखी काय विचारायचं? पण तिला पाहिलेला, हातात धरलेला एकच माणूस पृथ्वीवर उरला होता आणि तो माझ्यापुढे काठी टेकून उभा होता.

"दादा, ती लय लहान होती का वो? चिमनीएवढी?"

"कोन म्हनते?" दादा एकदम म्हणाले. बाकी सगळं विसरलेला माणूस, पण हे त्यांना आठवलं. "पूर होता तेच साल न? ते लेकरू जड होतं. सायकलच्या मांगं बसून नेलं मी मांडीवर, कारभारी चालवत होता. इकडून तिकडं फिरलो त हात भरून आले माहे. चांगलं बाळसेदार, डोक्यावर हे जावळ. मी म्हनलंही कारभारीले, असं लेकरू कसं गेलं बे?"

मी यांच्याकडे पाहिलं. हेही पहिल्यांदाच ऐकत होते. त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत यांना पाऊल टाकू देत नव्हते. ती जगण्यासारखी होती. मला कोणी सांगितलं नाही. ज्यांनी सांगायचं त्या सासूबाई कधीच्या गेल्या. आता जाऊन कोणाला विचारू, की माझ्या बाळसेदार पोरीला त्या दोन दिवसांत काय झालं?

"किती जड, दादा?" मी विचारलं.

दादांनी काठी यांच्या हातात दिली. दोन्ही हात पुढे केले, कोपरात वाकवले, डावा पंजा डोक्याखाली घेतात तसा वर उचलला. अंदाज घेतल्यासारखे हात जरा खाली गेले. "येवढं," ते म्हणाले.

मी जवळ गेले. त्यांच्या हातांत बघत राहिले. म्हातारा हात खाली घेईना आणि मी त्यांना घ्या म्हणेना.

मागून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ बाबा, सरका ना बाजूले! मधातच काय उभे राह्यले?"

आम्ही तिघं बाजूला सरकलो. दादांचे हात तसेच होते.