पूजेसाठी काढलेलं झाकण

विजयमाला गेली त्या दिवशी सहादेव शेवगावात होता. एका दुकानापुढे टेम्पो लावून आपल्या कारखान्याच्या पशुखाद्याची पोती उतरवून घेत होता, तेवढ्यात फोन वाजला. फोन मालनबाईंचा. त्या विजयमालाबरोबर केडगावच्या पुढच्या त्याच कारखान्यात कामाला होत्या आणि घरही भिंतीला भिंत लागून. "भाऊ, विजूला जरा लागलंय, तुमी निघा," एवढंच म्हणाल्या. किती लागलंय, कुठं लागलंय, हे विचारलं तर त्यांनी फोन दुसऱ्याच्या हातात दिला, त्यानं तिसऱ्याच्या. तिसरा म्हणाला, सावकाश या, घाई करू नका. सहादेवला समजायचं ते तिथंच समजलं. बायकोला लागलं असेल तर नवऱ्याला कुणी सावकाश या म्हणत नाही.

निम्मी पोती टेम्पोतच राहिली. ड्रायव्हर नगरपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि सहादेवला त्याचाही राग आला. बोलला असता तरी आला असता.

कारखाना गुरांची गोळी पेंड बनवणारा. मका, सरकी, भुसा एकीकडून आत जातो, दुसरीकडून गोळी होऊन पोत्यात पडते. मध्ये जो माल खाली सांडतो तो बायका फावड्यानं एका खड्ड्यात लोटतात. खड्ड्याच्या तळाशी लोखंडी स्क्रू फिरत असतो, माणसाच्या मांडीएवढा जाड. तो माल उचलून पुन्हा वर नेतो. खड्ड्यावर जाळीचं झाकण असायचं. माल जाळीतून खाली जायचा, माणूस जायचा नाही. त्या दिवशी झाकण नव्हतं. विजयमाला वाकली, पदर सुटला, स्क्रूनं धरला. पुढचं सहादेवला मालनबाईंनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

झाकण काढलं होतं खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात मशीन चालत नाहीत. धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. हळदकुंकू वाहायचा मान दरवर्षी एका सवाष्णीला देतात. यंदा तो विजयमालाचा होता. ताट घेऊन ती खड्ड्यापाशी आली आणि कुणीतरी म्हणालं, झाकणाला कुंकू लावून काय उपयोग, पोटाला देतंय ते आत हाय. सगळे हसले, सगळ्यांना पटलंही. बोल्ट काढले, झाकण उचलून भिंतीला लावलं, आणि तिनं वाकून स्क्रूला कुंकू लावलं. बंद स्क्रूला.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं तेव्हा मालनबाई बोल्ट घेऊन फिटरकडे गेल्या. फिटरनं फॅक्टरी मॅनेजर सुश्रुत साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, राहू द्या थोडे दिवस, माल तुंबला की मोकळा करायला सोपं जातं. ते खरंच होतं. झाकण असलं की दर वेळी मशीन थांबवा, बोल्ट खोला, माल काढा, परत आवळा. झाकण नसलं की फावड्यानं ढोसलं, झालं. त्या महिन्यात कारखान्याचं उत्पादन वाढलं. खड्ड्यावरच्या बायकांना साहेबांनी स्वतःच्या हातानं पेढ्याचे बॉक्स दिले. विजयमालानं बॉक्स घरी आणला, देवापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमी वर्गात नुसतं उत्पादन उत्पादन बोंबलता. बघा, आमी करून दाखवलं."

वर्ग म्हणजे नव्या कामगारांचा पहिल्या दिवसाचा वर्ग. सहादेव माल पाठवणीवर सुपरवायझर होता, पण तो वर्ग कित्येक वर्षं तोच घ्यायचा. सुश्रुत साहेब पुण्यात शिकून आलेले, त्यांचं बोलणं खेड्यातून आलेल्या माणसांच्या डोक्यावरून जायचं. म्हणून त्यांनी सहादेवला शिकवलं आणि सहादेवनं ते आपल्या भाषेत आणलं. तीन गोष्टी सांगायच्या. उत्पादन म्हणजे काय, तर कमी कामाच्या वस्तूची जास्त कामाची वस्तू करणं. मनुष्यबळ म्हणजे काय, तर योग्य माणूस योग्य जागी लावणं, त्याला शिकवणं आणि टिकवणं. व्यवस्थापन म्हणजे काय, तर आधी विचार करणं, मग काम वाटून देणं आणि ते नीट होतंय का ते बघणं. हे सांगायला सहादेवला आवडायचं. शब्द जड होते, पण त्यांत खोटं काही दिसत नव्हतं. घरी विजयमाला थट्टा करायची. भाकरी थापता थापता म्हणायची, "लाकडं आनायचं नियोजन तुमच्याकडं, नियंत्रण माझ्याकडं."

ती गेल्यावर कंपनीनं काय केलं, तर बोर्ड लावला. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत: सैल कपडे व मोकळा पदर घालून यंत्राजवळ जाऊ नये. बायकांना साडीवरून घालायला निळे कोट दिले. खड्ड्याभोवती लाल दोरी बांधली. फावडं मारायला दोरी आड यायची, म्हणून कामाच्या वेळी ती सोडून ठेवायचे. झाकण मात्र कुठं गेलं ते कुणाला माहीत नव्हतं. भंगाराच्या गाडीत गेलं असावं, असं फिटर म्हणाला.

तेराव्यानंतर सहादेव कामावर आला तो बोर्ड वाचून थांबला. पदर. म्हणजे तिचंच चुकलं. ती मेली ती पदरामुळं, खड्ड्यामुळं नाही. त्यानं त्याच दिवशी सुश्रुत साहेबांना जाऊन सांगितलं, बोर्ड राहू द्या नाहीतर काढा, पण आधी झाकण बसवा. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, करतो म्हणाले. मग पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाले, ऑर्डर काढली आहे. त्यानंतर सांगितलं तेव्हा ते फोनवर होते, त्यांनी नुसती मान हलवली.

खड्ड्यावरच्या बायका एकेक करून सोडून गेल्या. मालनबाई तेवढ्या राहिल्या. जागा भरायला नव्या बायका घेतल्या आणि साहेबांनी सहादेवला बोलावून सांगितलं, उद्या वर्ग तुम्हीच घ्या. तुम्हालाही बरं वाटेल. सहादेवनं विचारलं, यांना लावणार कुठं? साहेब म्हणाले, खड्ड्यावर.

सहादेव रात्रभर जागा राहिला असं काही झालं नाही. तो झोपला. सकाळी उठला तेव्हा राग होता तिथंच होता.

वर्ग नेहमीसारखा सुरू झाला. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, नवे निळे कोट मांडीवर घेऊन. त्यानं उत्पादन सांगितलं. मनुष्यबळावर आला आणि 'टिकवणं' या शब्दाशी त्याची जीभ अडली. पाणी प्यायला. तेवढ्यात मागून एकीनं विचारलं, "दादा, त्या खड्ड्यावर एक बाई गेली म्हनं. खरं का?"

"व्हय," सहादेव म्हणाला. "माझी बायको हुती."

विचारणारीनं पदर तोंडाला लावला.

"उठा," तो म्हणाला. "जिथं काम करायचंय ती जागा आधी बघा. पुढचा वर्ग तिथं."

तो त्यांना खड्ड्यापाशी घेऊन गेला. स्क्रू फिरत होता. मालनबाई एकट्याच फावडं मारत होत्या. दोरी सोडलेली. नव्या बायकांनी आधी बोर्ड वाचला, मग खाली बघितलं, आणि आपोआप मागं सरकल्या. सहादेवनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. स्क्रू थांबला. मग तो खड्ड्याच्या कडेला बसला आणि त्यानं दोन्ही पाय खाली सोडून स्क्रूवर ठेवले.

मालनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही. फावडं टाकलं, जाऊन बटणापुढे उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

वरची लाईन अडली, गोळी पडायची थांबली. फिटर धावत आला, मालनबाईंना बघून थांबला. "मालनमावशी, सरका."

"सरकते की. आधी माझ्या अंगावरनं जा."

फिटर परत गेला आणि सुश्रुत साहेबांना घेऊन आला. साहेब ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, आणि सहादेवला आता तेच सहन होईना. ते खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले, पॅन्टला भुसा लागू नये म्हणून जरा वर ओढून. म्हणाले, "सहादेवराव, उठा. दुःख आम्हालाही आहे."

"दुःखाचं बोलतच न्हाई मी. झाकणाचं बोलतोय."

साहेब म्हणाले, ऑर्डर दिली आहे, माप घ्यायला माणूस येणार आहे, आणि हा प्रकार नव्या लोकांसमोर बरा दिसत नाही. सहादेव हलला नाही. तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बदलला. "एक गोष्ट लक्षात घ्या. झाकण कंपनीनं काढलेलं नाही. खंडेनवमीला तुम्ही सगळ्यांनी काढलं. कुंकू वहिनींनीच लावलं."

"काढलं आमी," सहादेव म्हणाला. "बंद मशीनचं काढलं. चालू मशीनवर ठेवू नका कोन म्हनलं? बोल्ट घेऊन मालनबाई आल्त्या. तवा राहू द्या कोन म्हनलं?"

साहेब उठून उभे राहिले.

"पेढे कशाचे वाटले साहेब? बोला की. तुमीच शिकवलं मला, व्यवस्थापन म्हंजे आधी विचार करनं. मी येड्यासारखा इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. खरं वाटायचं मला ते."

"त्या महिन्यात मागणी होती," साहेब म्हणाले. "वरून दबाव होता. तुम्हाला कळणार नाही."

"न्हाई कळत. माझी बायको मातीत गेली आन् बोर्डावर तिचा पदर लिवलाय, एवढं कळतंय."

साहेबांनी फोन काढला आणि बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. परत येऊन म्हणाले, केडगावचा फॅब्रिकेटर बोलावला आहे. तो आला, टेप घेऊन. सहादेवनं पाय वर घेतले, त्यानं माप घेतलं, सहादेवनं पाय पुन्हा खाली सोडले. फॅब्रिकेटर म्हणाला, उद्या करून देतो. साहेब म्हणाले, झालं ना तुमच्या मनासारखं, आता तोपर्यंत मशीन चालू द्या, एक माणूस लक्ष ठेवायला उभा करतो. सहादेव म्हणाला, झाकण बसलं की चालू द्या. साहेबांनी नव्या बायकांकडे बघितलं आणि विचारलं, तुम्हाला काम करायचं आहे की घरी जायचं आहे? दोघी कोट सतरंजीवर ठेवून निघून गेल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. त्या खाली बघत होत्या. सहादेवला त्यांचा राग आला नाही. त्याला ठाऊक होतं, त्या काम मागायला आल्या होत्या, भांडायला नाही.

संध्याकाळी पाळी सुटेपर्यंत तो तसाच बसून होता. गेटवरचा सिक्युरिटीवाला दोनदा येऊन गेला, त्याला हात लावायचं धाडस झालं नाही. निघताना साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका, चौकशी होईपर्यंत तुम्हाला कामावरून बाजूला ठेवलं आहे. मालनबाईंना पोती शिवायला टाकलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. नव्या बायका कोट घालून खड्ड्यावर उभ्या राहिल्या. मालनबाई रोज येऊन सांगतात. काय झालं विचारलं की म्हणतात, "तसंच हाय, भाऊ." वर्ग आता सुश्रुत साहेब स्वतः घेतात.

सहादेव एकदा केडगावला फॅब्रिकेटरकडे जाऊन आला. झाकण तयार होतं. जाळी चांगली मजबूत, लाल प्रायमर मारून भिंतीला उभं करून ठेवलेलं. सहादेवनं त्यावर हात फिरवला. मग विचारलं, पोचवलं का नाही? फॅब्रिकेटर म्हणाला, मी तर कधीच सांगितलंय तयार आहे म्हणून. बसवायला निम्मा दिवस मशीन बंद ठेवावं लागतं, बोल्टाची भोकं नवी पाडावी लागतात. साहेब म्हणतात, या आठवड्याच्या नियोजनात बसत नाही, पुढच्या बघू. गेल्या आठवड्यातही हेच म्हणाले होते.

सहादेवनं विचारलं, टेम्पोत घालून मीच नेऊ का? फॅब्रिकेटर म्हणाला, न्या की, पण आत कोण घेईल?

सहादेव सकाळी कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभा राहतो. आत जाणाऱ्या बायकांना सांगतो, खड्ड्यावर वाकू नका, मशीन बंद केल्याशिवाय फावडं घालू नका. काही ऐकून घेतात, काही नजर चुकवून आत जातात.

झाकण तयार आहे. ते अजून बसवलेलं नाही.