‘आपली’ म्हणजे कोणाची

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी रोज चढते, पगार मिळतो. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, मी टाइप करते. रडणं-बिडणं टाइप करायचं नसतं, हे एक बरं आहे.

त्या दिवशी पिंजऱ्यात टेलरमास्तर होते. दुकान भाड्याचं, वडिलांपासून चालत आलेलं. म्हातारे मालक वारले आणि त्यांच्या पुतण्याने दावा लावला: हा माणूस मला मालकच मानत नाही, जागा स्वतःची म्हणतो, काढा याला बाहेर. हे सिद्ध झालं, तर कायदा भाडेकरूला खरंच बाहेर काढतो. मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं. दुकान गेलं की संपलं.

पुतण्याचे वकील तसे गोड बोलणारे. गोड बोलणाऱ्या वकिलाला मी दोन हात लांबच ठेवते. त्यांनी हसत विचारलं, “मास्तर, ही जागा कोणाची?”

मास्तरांनी पुतण्याकडे बघून हात जोडले. “आपलीच की!”

झालं! वकील टुणकन उडाले. “लिहून घ्या साहेब! आपली! म्हणजे स्वतःची!”

मास्तरांचे वकील ओरडले, “अहो, आपली म्हणजे तुमची! आदराने बोलतोय माणूस!”

“मग तुमची म्हणायला कोणी तोंड धरलं होतं का?”

दोघे शिकलेसवरलेले बाप्ये, एका शब्दासाठी कोंबड्यांसारखे भांडत होते. मी काय टाइप करणार, कपाळ? बोटं तशीच धरून बसले.

न्यायाधीशांनी दोघांना खाली बसवलं. “मास्तर, आपली म्हणजे नक्की कोणाची?”

मास्तर गोंधळले. “साहेब, मोठे मालक रोज दुकानात येऊन बसायचे. म्हणायचे, आपल्या दुकानाला रंग द्यायला हवा. मी म्हणायचो, देऊ की, आपलंच आहे. मग दोघांनी मिळून दिला.”

“ते ठीक. पण कोणाची?”

मास्तर कठड्यावरून हात फिरवत राहिले. त्यांचे वकील घाम पुसत होते. मागच्या बाकावरून मास्तरांची बायको कळवळून म्हणाली, “अहो, सांगून टाका ना एकदाचं!” शिपाई तिच्यावर खेकसला. मला त्या शिपायाचा असा राग आला!

“यांची आहे,” शेवटी मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक की न्यायाधीशांनी पुन्हा बोलायला लावलं. “यांची. माझी नाही. माझं तिथे काही नाही.”

न्यायाधीशांनी सांगितलं, मी टाइप केलं. शेवटचं वाक्य कायद्याला नको होतं, पण ते मास्तर बोलले होते, म्हणून तेही घेतलं.

पुढच्या तारखेला निकाल लागला. मालकी नाकारलेली नाही, दावा फेटाळला, मास्तर भाडेकरू म्हणून कायम. पुतण्या पाय आपटत गेला.

मी चहाला बाहेर पडले, तर व्हरांड्यात मास्तरांची बायको येईल-जाईल त्याला पेढा वाटावा तशी बातमी वाटत होती. मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

“अहो, हसा की जरा! दुकान वाचलं!”

“वाचलं गं,” मास्तर म्हणाले. “पण आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं, कोणाचं म्हणून.”