आवाज कुठून येतो

स्टेला सायकलीच्या बाजूने वाकून पळत होती, कान शक्य तितका चेनजवळ नेऊन, आणि वर विजयाबाई पायडल मारत होत्या. गल्लीत भाजीची गाडी घेऊन आलेल्या रंगुबाईने ही वरात बघितली आणि निमूटपणे गाडी बाजूला घेतली.

कट्. मग थोडी शांतता. मग पुन्हा कट्. दर फेरीला एकदा, न चुकता.

"उजवीकडनं येतोय," स्टेला धापा टाकत म्हणाली. "न्हाई, थांबा. डावीकडनं."

विजयाबाईंनी ब्रेक दाबला. आठवडाभर हेच चाललं होतं. कधी आवाज उजवीकडून यायचा, कधी डावीकडून, कधी खालून, आणि एकदा तर त्यांना तो स्वतःच्या गुडघ्यातूनच येतोय असं वाटलं होतं. स्टेला नर्स असल्यामुळे तिने गुडघाही तपासला होता. गुडघा ठणठणीत निघाला.

उद्या पहाटे केडगावच्या सायकलवाल्यांचा ग्रुप पुणतांब्याला निघणार होता. संध्याकाळपर्यंत गोदावरीच्या घाटावर पोचायचं, तिथेच मुक्काम करायचा, असा बेत. ग्रुपचा म्होरक्या नॅथन स्वभावाने गोड होता, पण सायकलीच्या बाबतीत अगदी यमदूत. आज संध्याकाळी तो प्रत्येकाची सायकल स्वतः चालवून बघणार होता. ज्या सायकलीचा आवाज येतो ती रस्त्यात दगा देते, हे त्याचं ब्रीद. अशी सायकल सामानाच्या टेम्पोत चढवायची आणि तिच्या मालकानेही टेम्पोतच बसायचं. यात दयामाया नाही.

विजयाबाईंना टेम्पो नको होता. उभा जन्म नवऱ्याच्या, सुमंतरावांच्या स्कूटरवर मागे बसून गेला होता. शाळेत जायचं तर मागे, बाजारात मागे, लग्नाकार्याला मागे, वर मांडीवर पिशवी. मेमध्ये शाळेतून निवृत्त झाल्या आणि जूनमध्ये त्यांनी ही निळी सायकल आणली. आधी गल्ली, मग पुणे रस्ता, मग चास, आणि मागच्या महिन्यात चक्क कामरगावचा घाट. घाट चढून वर उभ्या राहिल्या तेव्हा अशा हसत होत्या की समोरचा ट्रकवालाही हसला. एवढं सगळं करून गोदावरीकाठी टेम्पोतून उतरायचं? त्यापेक्षा घरी बसून भाजी निवडलेली काय वाईट!

दोघी मैत्रिणींनी आठवड्यात काय केलं नव्हतं! चेन रॉकेलने धुतली, तेल दिलं. आवाज तसाच. पायडलं काढून आट्यांना ग्रीस लावलं. तरीही तसाच. क्रँकचे बोल्ट आवळताना तर स्टेलाने पान्यावर उभं राहून जोर लावला, आणि पाना निसटून जास्वंदीच्या कुंडीवर पडला. कुंडी फुटली, आवाज शाबूत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसली गत.

फाटकातून आत आल्या तर व्हरांड्यात सुमंतराव पेपर वाचत बसलेले. त्यांनी मान वर केली नाही. सायकल घरात आली त्याच दिवशी ते म्हणाले होते, "या वयात तुला हे सुचतंय तर सुचू दे. मी यात नाही." आणि हा माणूस शब्दाचा पक्का. चार महिन्यांत त्यांनी सायकल शब्द तोंडातून काढला नव्हता. कामरगावचा घाट सर केल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा ते आमटीत मीठ कमी आहे एवढंच बोलले.

त्याचं विजयाबाईंना एवढं वाटलं नव्हतं. वाटलं ते दसऱ्याला. सुमंतरावांचे आजोबा भिक्षुकी करायचे. हे स्वतः कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाले तरी घरातली पूजा साग्रसंगीत, एक पळी इकडची तिकडे नाही. दसऱ्याला त्यांनी स्कूटरला झेंडूचा हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. शेजारीच नवी कोरी सायकल उभी. तिला फुलाची पाकळीसुद्धा नाही. विजयाबाईंनी त्या दिवशी पुरणपोळी पानात तशीच टाकली.

"ताई," स्टेला अचानक म्हणाली, "आपण बसूनच चालवतोय की दर वेळेला. सीटवरनं उठून मारा बघू."

पुन्हा गल्ली. विजयाबाई सीटवरून उठल्या आणि उभ्यानेच पायडल मारू लागल्या. एक फेरी झाली, दुसरी, तिसरी. आवाज नाही. त्या खाली बसल्या. कट्. उठल्या. गप्प. बसल्या. कट्.

स्टेलाने रस्त्यातच टाळी वाजवली. आठवडाभर दोघी खालचं सगळं खोलत बसल्या होत्या आणि चोर वर होता, थेट त्यांच्या बुडाखाली! त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि खाली वाकून बघितलं.

सीटची दांडी जिथे नळीत शिरते, तिथून मुंग्या बाहेर येत होत्या. लहान, तांबूस, एकामागे एक.

मुंग्या त्यांना नव्या नव्हत्या. रोज सकाळी त्या फडक्याने झटकत होत्या. सीटमागच्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे लाडू असायचे, तेव्हा मुंग्या येणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. पण मुंग्यांना लाडवांचं सोयरसुतक नव्हतं. त्या पिशवीला वळसा घालून सरळ नळीत शिरत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

बोल्ट सैल केला तरी दांडी निघेना. स्टेलाने पुढचं चाक पायात धरलं, विजयाबाईंनी सीट दोन्ही हातांनी पिळली, ओढली, परत पिळली. शेवटी दांडी बाहेर आली. तिच्याभोवती तपकिरी, चिकट थर बसला होता, साखरेसारखा खरखरीत. त्यात मुंग्या अडकल्या होत्या. आणि एक तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला.

"हे काय म्हणायचं?" स्टेलाने बोटावर घेऊन वास घेतला. "मध?"

विजयाबाईंनीही वास घेतला. मध होता, पण नुसता मध नव्हता. खाली आंबूस दही होतं, तुपाचा जुनट वास होता. हा वास त्यांना तीस-पस्तीस वर्षं पाठ होता.

"पंचामृत," त्या म्हणाल्या.

"सायकलीला?"

विजयाबाईंनी मान हलवली. नवी वस्तू, तिचा पहिला दसरा. आधी पंचामृताने स्नान, मग शुद्धोदक, मग अक्षता. त्या झेंडू आणायला बाजारात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा सायकल ओली होती. अंगण धुताना भिजली असेल, असं त्यांना वाटलं होतं. अंगण मात्र कोरडं होतं, आणि ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

स्टेला हसत हसत भिंतीला टेकली. त्यांचे पाळक नव्या गाडीवर हात ठेवून प्रार्थना करतात, गाडीला दह्याने माखत नाहीत, असं तिने डोळे पुसत पुसत सांगितलं. मग तिने विजयाबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती हसायची थांबली. विजयाबाई व्हरांड्याकडे बघत होत्या. पेपर होता तिथेच होता, वरून फक्त पांढरे केस दिसत होते. चार महिने ज्यांनी सायकलीकडे ढुंकूनही बघितलं नाही, त्यांनी तिला चोरून आंघोळ घातली होती. विजयाबाईंना एवढं भरून आलं की त्यांनी उगीचच पाना शोधायला सुरुवात केली. पाना पायाशीच पडला होता.

"सांगायचं का त्यांना?" स्टेलाने हळू विचारलं.

"काही नको. गरम पाणी आण."

काठीला फडकं गुंडाळून त्यांनी नळी आतून धुतली, पुसली, वाळवली. दांडी घासून लखलखीत केली, ग्रीसचा पातळ हात दिला, सीट जुन्या खुणेवर बसवली. बोल्ट विजयाबाईंनीच आवळला. मग त्या बसल्या, पायडल मारलं आणि कान टवकारले.

काही नाही. पुन्हा मारलं, जोरात. काहीच नाही. फक्त डांबरावर टायरची सळसळ. त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, घंटी वाजवत परत आल्या, परत गेल्या. रंगुबाईने गाडी पुन्हा बाजूला घेतली आणि यावेळी तीही हसली. विजयाबाईंना आत्ताच्या आत्ता, अशीच, चपलांवर, पुणतांब्याला निघावंसं वाटत होतं.

संध्याकाळी नॅथनने सायकल चालवून बघितली. मान कलती करून दोन चकरा मारल्या, चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही, आणि खाली उतरून म्हणाला की एवढी मुकी सायकल ग्रुपात दुसरी नाही. टेम्पो रद्द. स्टेलाने विजयाबाईंना तिथल्या तिथे मिठी मारली.

घरी आल्या तेव्हा सुमंतराव सकाळच्याच पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. विजयाबाईंनी सायकल व्हरांड्यात चढवली. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोटात आनंद मावत नव्हता.

"आवाज गेला हो," त्या म्हणाल्या.

"हं."

"सीटच्या दांडीत मुंग्या झाल्या होत्या."

"मुंग्या कशा होतील?" सुमंतराव ताडकन म्हणाले. "मी गरम पाण्याने नीट धुतली होती."

बोलून गेले. पेन्सिल कोड्यावर तशीच टेकलेली. कान मात्र लाल होत गेले. विजयाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं, नाहीतर रडू, आणि दोन्ही त्यांना परवडलं नसतं. त्या चहा टाकायला आत गेल्या. साखरेचा डबा उघडून, तोंडाला पदर लावून, ओट्याशी उभ्या राहून मनसोक्त हसल्या.

आधण उकळायला लागलं तशी बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग घसा खाकरला.

"विजया," सुमंतरावांनी व्हरांड्यातून विचारलं, "पहाटे किती वाजता उठवू?"