फाटकाला टांगलेला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. माझे टोक बोथट झाले आहे, अंगावर पोचे आहेत आणि स्वभाव जरा तिरसट आहे. स्वभावाचे कारण पुढे कळेलच. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला बांधून जे वजन खाली सोडतात, ते वजन म्हणजे मी.

एका फुटक्या नळाचे पितळ वितळवून मला ओतले आणि लेथवर फिरवून गुळगुळीत केले. दुकानात एका तरुण गवंड्याने मला उचलले, दोरीवर सोडले आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले. "सरळ आहे गडी," तो म्हणाला. माझी स्तुती झाली ती एवढीच, पण ती मला पुष्कळ वर्षे पुरली.

मी सरळ लोंबतो यात माझी करामत काहीच नाही. खालून कोणीतरी मला ओढते. ते कोण, हे मी कधी पाहिलेले नाही. दोरी सोडली की मी निमूटपणे त्या ओढीच्या स्वाधीन होतो.

रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी गवंडी मला नुसता हातात धरून उभा राहत असे. मी झुलायचा थांबेपर्यंत तो डोळे मिटून देवाशी बोले. "ओळंब्याला विचारायचं काय अन् देवाला विचारायचं काय, रीत एकच," असे तो बरोबरच्या लोकांना सांगे. "आधी आपला हात हलायचा थांबला पाहिजे." घरी आला की मला पुसून खुंटीला अडकवी. त्याची बायको हसून म्हणे, "अहो, त्या पितळेच्या गोळ्याशी बोलता त्याच्या निम्मं जरी माझ्याशी बोललात, तर माझं सोनं होईल!"

त्यांची लेक मोठी होऊ लागली. तिला अभ्यासाला खोली हवी म्हणून गवंड्याने सुट्टीच्या दिवसांत घरामागे भिंत बांधायला घेतली. लोकांच्या घरी तो तीनचार थर झाले की मला सोडी. इथे मात्र प्रत्येक थराला सोडत होता.

"आपलंच तर घर आहे, कोण बघतंय?" बायको म्हणाली.

"म्हणूनच," तो म्हणाला.

भिंत डोक्याच्या वर गेली, पण केसभरही कलली नव्हती. आणि एके दुपारी ती कोसळली.

त्या जागेखालून पाण्याची एक जुनी नळी गेली होती. ती आतल्या आत झिरपत होती आणि तिने सगळी माती पोखरून टाकली होती. हे कोणालाच ठाऊक नव्हते. गवंड्याची बायको भिंतीशेजारी कपडे वाळत घालत होती. लेक शाळेत होती. निरोप मिळताच गवंडी कामावरून धावत आला. त्याने हातांनी विटा उपसल्या, पण त्यांखाली सापडलेल्या बायकोचा श्वास केव्हाच थांबला होता.

माणसे पांगल्यावर त्याने मला पिशवीतून काढले. भिंतीचा एक कोपरा अजून उभा होता. त्यावरून त्याने मला सोडले. मी झुलायचा थांबेना. शेवटी त्याने कोपर विटांना टेकवले आणि मी थांबलो. कोपरा ओळंब्यात होता.

"सरळ आहे," तो म्हणाला. "देवा, सरळ आहे रे! मग का?"

उत्तर आले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. "तूही त्याला सामील. केसानं गळा कापलात माझा."

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो. मी खोटे सांगितले नव्हते. जमिनीखालचे मला कोणी विचारलेच नव्हते, आणि विचारले असते तरी मला कळले नसते. पण खरे सांगू? माझाही विश्वासघात झाला होता. जी ओढ मला सरळ ठेवते, तिनेच ती भिंत खाली ओढली होती. मीही तिला विचारले, का? तीही बोलली नाही. त्या दिवशी मला वाकडे लोंबता आले असते, तर मी मुद्दाम वाकडा लोंबलो असतो.

गवंड्याने नवी पाणसळ आणली. भिंतीला लावून बघायची ती पट्टी, तिच्या पोटात बुडबुडा असतो. म्हणजे माझ्यावर नाही, बुडबुड्यावर विश्वास! मला त्याने फाटकाच्या दोरीला टांगले, ते आपोआप मिटावे म्हणून. कोणी फाटक उघडले की मी वर ओढला जाई आणि माणूस आत गेला की धाडकन खांबावर आपटे. दूधवाला आला की आपट, पोस्टमन आला की आपट. माझे टोक तिथेच गेले.

रोज सकाळी फाटकाशी थांबून गवंडी वर बघून म्हणे, "तुझ्याशी मी बोलत नाही." हे तो रोज न चुकता सांगे. न बोलणाऱ्याशी इतक्या नेमाने कोण बोलते? माझ्याकडे मात्र त्याने एकदाही मान वळवली नाही. हे मला फार लागले.

लेक कॉलेजात गेली तरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसूनच अभ्यास करी. एका सुट्टीत तिने कोणाला न विचारता पडक्या विटा गोळा केल्या आणि स्वतःच भिंत रचायला घेतली. ती अशी कलली, की शेजारीण म्हणाली, "अगं, हिला चक्कर आलीय का?"

संध्याकाळी गवंडी परतला आणि भिंत पाहून जागीच थबकला. लेक तरातरा फाटकाकडे गेली, तिने माझी गाठ सोडली आणि मला भिंतीवरून खाली सोडले. मी नुसता गरगरत राहिलो.

"हात हलवू नकोस," गवंडी एकदम म्हणाला.

"आई का गेली, ते सांगेल का हा?"

"नाही."

"आणि देव?"

"रोज विचारतो. अजून काही बोलला नाही."

"तुम्ही तर बोलत नाही ना त्याच्याशी?"

"बोलत नाही. विचारतो फक्त."

"मग मी ही भिंत बांधू की नको, बाबा? मला खोली हवी आहे. आणि भीतीही वाटते."

गवंडी पुढे आला. त्याने तिच्या मनगटाखाली आपला हात धरला. मी हळूहळू थांबलो. भिंतीच्या पायथ्यात आणि माझ्यात चार बोटांचे अंतर होते.

"पाड ही," तो म्हणाला. "आधी खोल खणू. नळी बदलू. दिसेल तेवढं सगळं नीट करू. त्याच्याही खाली काय आहे, ते त्याचं त्याला ठाऊक. तिथवर माझा हात पोचत नाही, पोरी."

आता ती खोली उभी आहे. प्रत्येक थराला मला सोडले होते. गवंड्याने माझी क्षमा मागितली नाही, फक्त माझ्या बोथट टोकावरून एकदा अंगठा फिरवला. देवाने त्याला अजून उत्तर दिलेले नाही आणि मलाही नाही. तरी रोज सकाळी तो मला हातात धरून डोळे मिटतो, आणि मी मनातला राग तसाच ठेवून त्या न दिसणाऱ्या ओढीच्या स्वाधीन होतो. फाटकाला हल्ली अर्धी वीट टांगली आहे. तिला काय वाटते, ते तिने सांगावे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी वर बघून 'का' म्हणाल. जरूर विचारा, वाटल्यास भांडा. पण उत्तर आले नाही, म्हणून ज्याला विचारले त्याला फाटकाला टांगू नका. तो तिथेही सरळच लोंबत राहतो, पण त्याला लागते.